मागचा टायर

"रस्त्याक चिकटान ऱ्हवात असो टायर दी, नदीम. दुसरा माका काय सांगा नको."

लवूनं हे इतक्या मोठ्यानं सांगितलं, की टायरवाल्या नदीमनं हातातली ट्यूब खाली ठेवली आणि बाहेरच्या बाकड्याकडे बघितलं. बाकड्यावर लवूची बायको गंगू बसली होती. या जोडप्यात बोलायचं कुणी आणि मान डोलवायची कुणी, हे मालवणच्या अख्ख्या बंदराला ठाऊक होतं. लवूनं मासळी आणायची, गंगूनं ती विकायची, आणि घरात काही यायचं ते गंगूच्या पसंतीनं. जाळ्याच्या दोरीपासून लवूच्या शर्टापर्यंत सगळं तिनं घासाघीस करून घेतलेलं. किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांची हीच रीत. लवूला बिचाऱ्याला कांद्याचा भावसुद्धा कधी ठाऊक नसायचा. आणि आज हा बाबा टायर निवडायला निघाला होता!

पण आज त्याला कुणाला विचारायचं नव्हतं. मागच्या खेपेला सावंतवाडीच्या डॉक्टरकडून परतताना चौके गावाच्या वळणावर मोटरसायकलचं मागचं चाक सरकलं. पावसानं लाल माती रस्त्यावर आणून टाकलेली, आणि टायर तर पार गुळगुळीत. दोघं पडली नाहीत, देवाची कृपा. पण गंगूला असा हिसका बसला, की ती पोट धरून रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला टेकून बसली. तिचं ते कण्हणं लवूच्या कानातून जात नव्हतं. एसटीत तिचा जीव घाबरा व्हायचा. म्हणजे इंजेक्शनाला न्यायचं ते याच गाडीवरून, याच वाटेनं.

आणि किती दिवस न्यायचं, ते फक्त लवूला माहीत होतं. डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. "चतुर्थी होईल त्यांची," ते म्हणाले होते. "दिवाळीचं काही सांगता येत नाही." बाहेर येऊन लवूनं बायकोला सांगितलं, साधी गाठ आहे, औषधानं विरघळेल. रेडीला दिलेल्या लेकीला, संजनालाही त्यानं तेच सांगितलं. वादळात होडी हाकताना न डगमगलेला माणूस, पण हल्ली रोज माडांच्या आड जाऊन रडायचा आणि तोंड धुवून तिच्यासाठी पेज ठेवायचा. राहिलेले दिवस तिनं भीतीविना काढावेत, एवढंच त्याला हवं होतं.

नदीमनं दोन टायर पुढ्यात आणून उभे केले. "ह्यो नरम रबराचो, काका. वल्या रस्त्यार घट्ट धरता, वळणावर गाडी सांगशात तशी वळता. पण झिजता बेगीन. ह्यो दुसरो कडक. पावसात जरा सांभाळून चालवूक व्हयी, पण मगे तीन-चार वर्सां बघूक नको."

"नरम दी."

"काका, आयका माझा. आता होड्यो वर काढलेल्यो आसत. पण नारळी पुनव झाली काय काकी मासळीचो टब घेवन मागे बसतलीच. त्या वजनान नरम टायर वर्साच्या वर काय जावचो नाय."

"वर्सभर पुरे रे!" लवू चिडून बोलून गेला. "त्याच्या वर काय करूचो आसा?"

बोलला आणि त्यानं जीभ चावली. बाकड्यावर गंगूनं मान वर केली होती.

"म्हणजे... पुढच्या वर्सा नवी गाडीच घेवया म्हणतंय," त्यानं सारवासारव केली. ज्यानं जन्मभर एकच जाळं सांधून सांधून वापरलं, तो नवी गाडी घेणार होता! खोटं बोलायची सवय नसली की माणसाचं असं होतं.

गंगू बाकड्याला हात टेकून उठली. लवू धरायला धावला, तर तिनं त्याचा हात बाजूला केला. ती टायरांपाशी आली. बाजारात सुरमई दाबून बघावी तसे दोन्ही टायर तिनं अंगठ्यानं दाबून बघितले. नक्षीच्या खाचांत बोट घातलं. आता ही भाव पाडायला लागेल, नदीमशी भांडेल, या आशेवर तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. भांडली असती तर त्यानं देवीची ओटी भरली असती. पण भावाचं नावच नाही. तिनं लवूकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. लवूला तिची नजर झेपेना, त्यानं मान खाली घातली.

"कडक तो घाल, नदीम," गंगू म्हणाली.

"अगो, पण वाट वली आसा," लवू म्हणाला. "तुका हिसको बसतलो."

गंगूनं त्याच्या शर्टाची उसवलेली कॉलर सरळ केली.

"तितके दिवस तुमी सावकास चालवा," ती म्हणाली. "माझ्या माघारी तुमका एकट्याक टायर घेवक जमूचा नाय."