नुसती नावं

ताईच्या डोक्याला अकरा टाके पडले होते. वेबसाइट होस्टिंगचा धंदा करणाऱ्या धाकट्या भावाने दाजींना त्यांच्या दुकानातच गाठलं आणि कॉलर धरून शटरवर आपटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्यांना अरेतुरे करत होता.

“तिने आडनाव बदललं, गाव सोडलं. तुला पत्ता दिला कुणी?”

पहिला ठोसा नाकावर बसला, दुसरा दातांवर. दाजी रक्त थुंकून हसले.

“तूच! माझ्या दुकानाची साइट तुझ्याच सर्व्हरवर आहे. तिथे तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या डेटाबेसची नावं दिसतात. एकाला आमच्या लेकीचं, चिऊचं नाव होतं, पुढे शिवणक्लास, गाव, गल्ली.”

तिसरा ठोसा हवेतच थांबला.

“तेव्हा मी फोनही केला होता तुला. म्हणालास, ‘दाजी, नुसती नावंच दिसतात. आत थोडंच शिरता येतंय कुणाला?’”