बेबी सीटची क्लिप

ज्योत्स्नाचं सहा महिन्यांचं पोर बेबी सीटमध्ये ठेवलं की टाहो फोडायचं. मांडीवर घेतलं की गप्प. पण सीटचं बकल लागल्याशिवाय बिनड्रायव्हरची गाडी जागची हलत नव्हती. "बाळाला बसवा, बाळाला बसवा," तिचा एकच धोशा.

पुढे बसलेल्या धाकट्या बहिणीचं, रेवतीचं, डोकं सणकलं. "थांब ताई, हिचं तोंडच बंद करते." बाजारात दहा रुपयाला मिळते तसली नकली क्लिप तिनं मागे वळून डावीकडच्या बेबी सीटच्या बकलात खटकन घातली. गाडी मुकाट निघाली.

"भारी आगाऊ आहेस गं," ताई हसली आणि बाळाला मांडीवर घेऊन उजव्या खिडकीशी बसली.

फलटणच्या अलीकडे ट्रक अंगावर आला. धडक चुकणार नाही हे कळताच गाडीनं बकलं मोजली. डावीकडे बाळ, उजवीकडे मोठं माणूस. आधी बाळ वाचवायचं, एवढंच तिला शिकवलेलं. ती गर्रकन फिरली आणि उजवी बाजू तिनं ट्रकला दिली.

रेवती लाथेनं दार उघडून बाहेर आली. डावीकडच्या रिकाम्या सीटला ओरखडासुद्धा नव्हता. उजवीकडे तिनं एकदाच पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. भावजी होते, रडत-हसत बोलत होते.

"रेवती, गाडीचा मेसेज आला! अपघात झाला, पण बाळ सुखरूप आहे म्हणे! ज्योत्स्ना फोन उचलत नाहीये. रेवती? अगं, त्याचा आवाज तरी ऐकव जरा."