नाण्यावरची चिमा

अकरा वर्षांपूर्वीचं ते बिनउत्तराचं पत्र मास्तरांना अजून पाठ होतं. "लग्नाच्या आदल्या वर्षी लढाईवर असताना आजोबांनी चांदीचा रुपया घासून त्यावर 'चिमा' असं कोरलं. आजीचं नाव लक्ष्मी. आई तान्ही असतानाच ती गेली. मग ही चिमा कोण? या रागापायी आई आजोबांचा फोटो भिंतीवर लावू देत नाही."

कोरीव नाण्यांचा इतिहास शोधणाऱ्या मास्तरांनी पलटणींच्या याद्यांतली शिपायांच्या नातेवाइकांची नावं धुंडाळली. चिमा सापडेना. खात्री नसताना काय लिहायचं, म्हणून उत्तर राहूनच गेलं.

परवा मेव्हणे आले आणि दारातूनच ओरडले, "वत्से, चहा टाक!"

मास्तर बायकोकडे बघतच राहिले. तिचं 'सुमती' हे नाव त्यांनीच लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलं होतं.

"तू आधी वत्सला होतीस!"

"अगंबाई, चाळीस वर्षांनी लक्षात आलं!" ती हसली.

त्याच दिवशी त्यांनी लिहिलं, "चिमा म्हणजे बहुधा लग्नाआधीची तुमची आजीच. तिच्या माहेरी विचारून पाहा." 'बहुधा' खोडायला पेन उचललं, पण खात्री अजूनही नव्हती. तो शब्द तसाच ठेवून त्यांनी पत्र टपालपेटीत टाकलं.