डावा कान

वरच्या मजल्यावरच्या माणसानं नेमकं आत्ताच भिंतीला ड्रिल लावलं आणि दुभाषीबाईनं हेडफोन उजव्या कानावर दाबून धरला.

कॉल सुरू होता. तिकडे हॉस्पिटलात डॉक्टर आणि त्यांच्यासमोर खाटेवर एक आजी. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. फोनवर मधे ही. डॉक्टर बोलले की आजींच्या भाषेत सांगायचं, आजी बोलल्या की डॉक्टरांच्या. जे कानावर पडेल ते जसंच्या तसं, पदरचं काही न घालता. अकरा वर्षं हेच काम. आता तर कान ऐकायचा आणि तोंड बोलायचं, मधे डोकं लागायचंच नाही.

ऑफिसात ते खपून जायचं. तिथं काचेची खोली, दाराला रबर, बाहेरचा टाचणीएवढा आवाजही आत यायचा नाही. घरी तिनं अडगळीच्या खोलीत टेबल मांडलं होतं, दारावर खिळे ठोकून दोन रजया टांगल्या होत्या, खिडकीला गादी लावली होती. तरी जगातल्या यच्चयावत आवाजांना हिच्याच घराचा पत्ता बरा सापडायचा! दोनदा तक्रार गेली होती. परवा सुपरवायझर गोड आवाजात म्हणाली होती, "तिसऱ्यांदा आवाज आला ना, तर सोमवारपासून ऑफिसला यायचं. माझाही नाइलाज आहे हो."

ऑफिसला जायचं म्हणजे आईला कुठंतरी ठेवायचं. आईला आता पोटची मुलगीही धड ओळखू येत नव्हती. भाऊ फोनवर म्हणाला, "ठेव की एखाद्या वृद्धाश्रमात, त्यात काय एवढं." त्याचं काय जातंय बोलायला! म्हणून ती हेडफोन उजव्या कानावर ठेवायची आणि डावा कान उघडा. उजवा कामाला, डावा आईला.

ड्रिल लागलं की आई भेदरायची आणि दारावर हात आपटायला लागायची. आत्ताही लागली.

"पाय गुडघ्याखालून काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "आज दुपारीच. नाही काढला तर विष अंगभर पसरेल, मग आमच्या हातात काही राहणार नाही. तुमची तयारी आहे का?"

तिनं ते आजींना सांगितलं. आजी गप्प. डोक्यावर ड्रिलची घरघर. तिनं डोळे गच्च मिटले आणि कानात प्राण आणून ऐकू लागली. देवा, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं सगळ्यांना गप्प बसव रे.

"नको. मला नाही इथं राहायचं. घरी सोडा मला." म्हातारा, थरथरता आवाज आला.

तिच्या तोंडानं ते डॉक्टरांच्या भाषेत सांगूनही टाकलं.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. त्यांची मर्जी. सिस्टर, नकाराचा फॉर्म आणा." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"अगं बाई," उजव्या कानात आजी म्हणाल्या, "डॉक्टर उठले का? मी तर अजून काहीच बोलले नाही."

ते बोलणं डाव्या कानानं ऐकलं होतं. ती आई होती, दाराबाहेरची. भाषाही आजींचीच.

सावरून घेता आलं असतं. 'आजींनी विचार बदलला' म्हटलं की झालं, कोण तपासायला बसलंय? पण आजींनी अजून विचार केलाच कुठं होता? न बोललेलं एक वाक्य त्यांच्या तोंडी घालून झालं होतं, आता वर आणखी दुसरं घालायचं? कॉल रेकॉर्ड होत होता. सोमवार तिच्या डोळ्यांपुढं येऊन उभा राहिला. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"दुभाषी बोलतेय," ती म्हणाली. स्वतःचं काही सांगायचं तर असंच बोलायचा नियम होता. "ते वाक्य पेशंटचं नव्हतं. दुभाषी घरून काम करते. तो आवाज दुभाषीच्या आईचा होता. चूक दुभाषीची आहे."

डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, मी सही करायला निघालो होतो." त्यांनी आवाज चढवला असता तर परवडलं असतं.

नियमाप्रमाणे तिनं हे सगळं आजींनाही सांगितलं. वरचं ड्रिल थांबलं होतं. आई मात्र दार बडवतच होती, "सोडा मला, घरी जायचंय." आता ते फोनमधूनही स्पष्ट ऐकू जात असणार. जाऊ दे, लपवायला उरलंच काय होतं?

आजी बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढा म्हणावं पाय. एका पायानं जगेन, पण जगेन."

तिनं आजींना पुन्हा विचारलं, नीट खात्री केली आणि मगच डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांचा आवाज सैलावला. "छान. त्यांना आणखी काही विचारायचंय का?"

"विचारायचंय," आजी म्हणाल्या. "तुझी आई तुझ्या घरीच आहे ना गं? मग कुठल्या घरी सोडा म्हणते ती?"

"काय म्हणतात त्या?" डॉक्टरांनी विचारलं.

वाक्य साधंच होतं. अवघड शब्द एकही नव्हता. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"हॅलो?" डॉक्टर म्हणाले. "दुभाषी, ऐकू येतंय का तुम्हाला?"