बिजलीराणी डॉट कॉम

फोन वाजला तशी कडूबाई बाकड्यावरून उठलीच.

"नाही हो दादा, आमच्याकडं तमाशाची पार्टी नाही," धनश्री फोनवर म्हणाली. "ती शेळी आहे. हो, शेळीच."

कडूबाई परत बसली. वडवणीचा बाजार असला की ती धनश्रीच्या ऑनलाइन सेंटरात हटकून यायची. घरी मात्र मेथी विकायला चालले म्हणून सांगायची.

तिचा एकुलता एक अंगद शाळेत असताना इथल्याच कॉम्प्युटरला चिकटलेला असायचा. डोक्यात येईल ते नाव टाकायचं, पुढं डॉट कॉम लावायचं आणि काय उघडतंय ते बघायचं, हा त्याचा खेळ. मास्तरांची नावं झाली, गावाचं झालं, शेवटी घरच्या शेळ्यांवर आला. बिजलीराणी त्याची लाडकी. तिच्या नावाला काहीच उघडलं नाही, तर त्या दिवशी पठ्ठ्या घरी जाऊन जेवलासुद्धा नाही.

तीच बिजलीराणी बापानं, सुग्रीवनं, त्याला न विचारता बाजारात विकली. अंगदनं भांडून घर सोडलं, नंबरही बदलला. पुण्याकडं असतो म्हणे, याउपर कुणाला ठाऊक नव्हतं. "पुन्यांदा माजा उंबरा चढायचा न्हाई," असं सुग्रीवनं गावादेखत सांगून टाकलं होतं. तेव्हापासून त्या घरात पोराचं नाव निघत नसे.

युक्ती धनश्रीची. त्याची ती सवय सुटली नसणार, एक ना एक दिवस तो हे नाव टाकणारच, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं बिजलीराणीच्या नावानं साईट काढली, अंगदनंच पूर्वी काढलेला शेळीचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, फोन कर. नंबर सेंटरचा.

पण अंदाजानं नावं टाकणाऱ्यांची जगात काय कमी! बिजलीराणी म्हणजे तमाशातलीच बाई, असं धरून लोक यायचे आणि शेळी डोळ्यांनी बघूनही जत्रेची सुपारी विचारायचे. धनश्रीला हसू आवरत नसे. कडूबाईच्या काळजात मात्र प्रत्येक फोनला धस्स व्हायचं.

"मावशी, आणि खरंच त्याचा फोन आला तर?"

"त्येचंच भ्याव हाय, पोरी. लेकरू यील अन् ह्ये दारातनंच हाकलतील. मंग ते कवाच यायचं न्हाई." तिनं डोळ्याला पदर लावला. "ह्यांच्या कानावर ह्यातलं काई जाऊ दिऊ नको बरं."

"मला काय वेड लागलंय?"

फोन पुन्हा वाजला. धनश्रीनं चहाचा कप खाली ठेवला आणि स्पीकर लावला. "बोला, जत्रा कुठली?"

पलीकडून कुणी बोलेना. फोनही ठेवेना. सुपारीवाली माणसं अशी गप्प बसत नाहीत. धनश्रीनं कडूबाईकडं पाहिलं. कडूबाईनं तिचा हात गच्च धरला. आनंदानं दोघीही फोनवर वाकल्या.

"आंगद, दुसऱ्याला बोलाया लावलंस तरी फोन ठिवू नको," सुग्रीवचा आवाज आला. "तुज्यावानी मोबाईलात नाव टाकलं अन् आपली बिजलीराणी दिसली, तवाच म्या वळखलं, ह्ये तुजंच काम हाय. चुकलं माजं, बाळा. घरला ये."