शहरातली गाडी

शहरातल्या शहरात चालणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर हवा होता. पगार लांबच्या फेरीएवढाच आणि रोज संध्याकाळी घरी. अशा जागेवर पहिला हक्क जुन्यांचा. पण जन्मभर हायवेवर सरळ चालवलेल्या तिघा जुन्यांनी गोदामाच्या बोळात ट्रक मागे घेताना भिंत घासली, आणि काल लायसन्स हातात पडलेल्या नव्याने तो एका दमात आत घातला.

"नियमात बसत नाही," मॅनेजर ऑफिस सांभाळणाऱ्या तरुणीला म्हणाले. "बघा, तुम्हीच ठरवा."

नव्याचा हसरा चेहरा पाहूनच तिच्या पोटात दुखायला लागलं. "आधी दोन वर्षं लांबच्या फेऱ्या करा," ती म्हणाली. "इथे लोकांनी वीस-वीस वर्षं केल्यात. तुम्हाला बरं आयतं ताट हवंय!"

"केल्या असत्या, ताई. पण मुलगी पाच वर्षांची आहे. पंधरा-पंधरा दिवस दिसलो नाही, तर ओळखायचीसुद्धा नाही मला."

"ओळखते. गाडी वळणावर असते ना, तेव्हाच हॉर्नवरून ओळखते."

तो चपापला. "तुमचे वडीलपण ड्रायव्हर?"

"होते. गेल्या महिन्यात गेले."

तिने अर्जावर सही केली. "सोमवारपासून या."

बाहेर पडता पडताच त्याने घरी फोन लावला. "अगं, आधी तिला दे फोन!" त्याचा आवाज खिडकीखालून आला.

पलीकडून ती पोर काय ओरडते, ते कानावर पडायच्या आत तिने खिडकी धाडकन लावून घेतली.