हातांचा भार

खालच्या खोलीत पुन्हा हशा पिकला. वर माडीवर फणीशचा श्वासांचा अंक चुकला. त्याने ओठ आवळले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. त्याच्या वर्गात कोणी हसत नसे.

मैसूरचं ते घर योग शिकवणाऱ्या गुरुजींचं. माडी त्यांनी फणीशला वर्गासाठी दिली होती. फणीशचा बाप देवळात नैवेद्याचा भात रांधायचा. पोराचं शाळेत लक्ष नाही म्हणून त्याने त्याला लहानपणीच गुरुजींच्या पायाशी आणून सोडलं. गुरुजी तेव्हा उमेदीत होते आणि कडक होते. मांडी जमिनीला टेकत नसली की ते सरळ पोराच्या गुडघ्यावर चढून उभे राहायचे. फणीशने कधी हूं की चूं केलं नाही. पुढे त्याचं अंग वेतासारखं वळू लागलं. मोठमोठ्या सभागृहांत लोक त्याची आसनं बघायला जागा धरून बसायचे. दुसरी कुठली पदवी त्याच्याकडे नव्हती.

आणि सुगुणा? कॉलेजात भूगोल शिकवणारी बाई. मोटारीच्या अपघातानंतर तिच्या खुब्यात सळई बसवावी लागली. काठी टेकत गुरुजींकडे आली ती दुखणं कमी व्हावं म्हणून. काही वर्षांनी काठी सुटली आणि गुरुजींनी तळमजल्याची खोली तिच्या हवाली केली. ती चक्क खुर्चीत बसून शिकवायची. तरी गर्दी तिच्याकडेच. आधी फणीशच्या वर्गातल्या गुडघेदुखीवाल्या बायका खाली उतरल्या, मग त्यांचे नवरे, मग आयटीतली पोरं. वर सगळे त्याला मानाने ‘मेष्ट्रे’ म्हणायचे, मास्तर या अर्थी. तिला नुसतं ‘अक्का’. त्या ‘अक्का’चाही त्याला त्रास व्हायचा.

“खुर्चीत बसून योग!” फाटकाशी आलेल्या नव्या माणसाला तो ऐकवायचा. “उद्या पलंगावर पडून शिकवेल. स्वतःच्या अंगात लोखंड घेऊन फिरते बाई. ती काय तुम्हाला सरळ करणार?”

माणसं अवघडून हसायची आणि खालच्याच खोलीत शिरायची.

एका सकाळी त्याला राहवेना. गुरुजी अंगणात कॉफी निववत बसले होते. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“गुरुजी, तिला पद्मासन घालता येत नाही.”

“मला तरी आता कुठे येतं?”

“मग माझ्यात काय कमी आहे, तेवढं तरी सांगा.”

“मला काय विचारतोस?” गुरुजी पेल्यातून मान वर न काढता म्हणाले. “तुला सोडून गेले, त्यांना विचार की.”

विचारायला त्याची जीभ रेटली नाही. बघायला मात्र तो गेला. आपला वर्ग लवकर आटोपून जिना उतरला आणि खालच्या दाराआड उभा राहिला.

सुगुणा खुर्चीतून उठली. एक पाय जरासा ओढत ती एका जाडजूड बाईपाशी गेली. बाई पाय लांब करून पुढे वाकायची खटपट करत होती. सुगुणाने तिच्या पाठीवर तळहात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

“भाग्यम्मा, दुखतंय का?”

“छे हो, अक्का.”

“मग दात का आवळलेत? सकाळचा डोसा निसटेल म्हणून?”

सगळी खोली हसली. भाग्यम्माही हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

“दुखतंय,” ती म्हणाली. “खूप दुखतंय.”

“मग इथंच थांबा. पुढे काही लाडू ठेवलेले नाहीत.”

दाराआड फणीशला एकदम हायसं वाटलं. एवढंच? म्हणजे विद्या वगैरे काही नाहीच, नुसती गोडीगुलाबी! दोन मायेचे शब्द टाकायचे आणि माणसं बांधून घ्यायची. हे तर कोणालाही जमेल. आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही, याचीच त्याला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी माडीवर मोजकीच माणसं होती. पहिल्या रांगेत नेहमीप्रमाणे नंजुंडय्या होते. रेल्वेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ फणीशचा सगळ्यांत जुना शिष्य. फणीशने वर्ग सुरू केला तेव्हापासूनचा. एवढे लोक खाली गेले, पण नंजुंडय्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. खरा शिष्य कसा असतो, हे सांगताना फणीश त्यांच्याकडेच बोट दाखवायचा.

नंजुंडय्या पाय लांब करून पुढे वाकले. फणीशने दोन्ही तळहात त्यांच्या पाठीवर रोवले आणि सवयीप्रमाणे अंगाचा सगळा भार टाकला. मग त्याला कालचं आठवलं. खिडकी उघडी होती. खालची माणसं अंगणात जमू लागली होती. काय उत्तर येणार ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते खालपर्यंत ऐकू जायला हवं होतं. त्याने आवाज चढवला.

“नंजुंडय्या, दुखतंय का?”

सगळ्यांनी माना वळवल्या. खाली अंगणातली कुजबुजही थांबली. नंजुंडय्यांनी गुडघ्यांना टेकलेलं कपाळ हळूहळू उचललं आणि तशाच वाकल्या अंगाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आपण ऐकलं ते खरंच का, अशी ती नजर होती.

“हो, मेष्ट्रे,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून.”